आराखड्यातलं जंगल: स्लोव्हेनिया २०५० पर्यंत तटस्थ कसा होणार?

प्रश्न असा आहे: स्लोव्हेनियासारखा जेमतेम २१ लाख लोकांचा देश २०५० पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचा दीर्घकालीन आराखडा संसदेत मंजूर करतो. एवढ्या लहान देशाच्या अशा आराखड्याला काही अर्थ असतो का, की हे नुसते कागदी घोडे? आणि असा दस्तऐवज हातात आला तर त्यात नेमकं काय बघायचं?

अर्थ असतो. आणि देश लहान आहे म्हणूनच तो नीट वाचता येतो. गेली बावीस वर्षं ऊर्जा-नियोजन आणि हरितगृह वायूंचा हिशेब हेच माझं काम आहे. मोठ्या देशाच्या बेरजेत एखादं वीजकेंद्र बंद पडलं किंवा एखादं जंगल जळालं तरी शेवटचा आकडा फारसा हलत नाही. स्लोव्हेनियाचं तसं नाही. क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्त. लोकसंख्या साधारण चंद्रपूर जिल्ह्याएवढी. कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र एक, अणुवीज केंद्र एक, बंदर एक. आराखड्यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागची जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. माझ्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी हाच देश वाचायला देतो.

आधी मूळ हिशेब. हवामान-तटस्थता म्हणजे उत्सर्जन शून्य नव्हे. जेवढा वायू हवेत जाईल तेवढा जंगलं, माती वगैरेंनी परत ओढून घ्यायचा, म्हणजे वजाबाकी शून्य आली पाहिजे. स्लोव्हेनियाच्या संसदेने जुलै २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात दोन मोठे आकडे आहेत. एक, २००५ च्या तुलनेत उत्सर्जन ८० ते ९० टक्के कमी करायचं. दोन, जंगल आणि जमिनीने दरवर्षी किमान २५ लाख टन शोषून घ्यायचं.

आता पेन्सिल घ्या. २००५ साली देशाचं उत्सर्जन होतं सुमारे २ कोटी ५ लाख टन. त्यात ८० टक्के कपात केली तर उरतात ४१ लाख टन. जंगलाने २५ लाख ओढले तरी १६ लाख टन शिल्लक राहतात, म्हणजे देश तटस्थ झालाच नाही. ९० टक्के कपात केली तर उरतात साडेवीस लाख आणि हिशेब जमतो. दोन्ही बाजू बरोबर जुळतात त्या कपात ८८ टक्क्यांच्या आसपास पोचली की. म्हणजे '८० ते ९०' हा पट्टा ऐसपैस दिसत असला तरी त्यातला फक्त वरचा काठ कामाचा आहे. आणि तोही कधी, तर जंगलाने आपला वाटा दरवर्षी न चुकता उचलला तर. माझ्या मते या आराखड्याचा जीव या एका अटीत अडकलेला आहे, म्हणून मी जंगलावर जास्त बोलणार आहे.

देशाचा सुमारे ५८ टक्के भाग जंगलाखाली आहे. झाडं मुख्यतः तीन: पानं गाळणारा बीच, आणि सुईसारख्या पानांचे फर व स्प्रूस. फार पूर्वीपासून इथे सरसकट तोड करत नाहीत. वनखात्याचा माणूस मालकाबरोबर रानात जातो, कुठलं झाड पाडायचं ते ठरवतो, खोडावर खूण करतो, मगच करवत चालते. तीन-चतुर्थांश जंगल खासगी मालकीचं आहे, तेही लहान लहान तुकड्यांत. अशा जपलेल्या जंगलावर विसंबून आराखडा करणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. अनेक वर्षं हे जंगल लाखो टन कार्बन डायऑक्साइड ओढत होतं आणि इन्व्हेंटरीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्सर्जन-हिशेबाच्या, तक्त्यात दरवर्षी ठळक उणे आकडा पडत होता.

मग २०१४ उजाडलं. ३० जानेवारीपासून पुढचे दहाएक दिवस पाऊस पडत राहिला. वर हवा उबदार आणि जमिनीलगत गोठणबिंदूखाली, त्यामुळे पावसाचा थेंब फांदीला टेकताक्षणी बर्फ व्हायचा. त्यांच्याकडे याला 'झ्लेद' म्हणतात. आपल्याकडे यासाठी शब्द नाही, कारण गारपीटही ही नाही आणि हिमवर्षावही नाही. बोटभर जाडीच्या डहाळीवर मनगटाएवढी काच चढते. झाडं मोडली, विजेचे मनोरे वाकले, लाखो लोक अंधारात गेले. देशातल्या जवळपास निम्म्या जंगलाला कमी-जास्त फटका बसला आणि ९० लाख घनमीटरहून जास्त लाकडाचं नुकसान झालं.

त्यानंतर काही वर्षांनी पोस्तोयनाच्या बाजूला त्या जंगलातून मी एका वनरक्षकाबरोबर हिंडलो. उतारावरची बीचची झाडं जवळपास एकाच उंचीवर तुटलेली होती, कुणी आडवी दोरी धरून कापल्यासारखी. तुटलेल्या बुंध्यांतून नवे फुटवे आलेले, खाली गुडघाभर रोपांची दाटी. स्प्रूसचा पट्टा मात्र पार वेगळा दिसत होता. वनरक्षकाने एका पडलेल्या खोडाची साल हाताने सोलून दाखवली. आत एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक खाचा. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने आणि त्याच्या अळ्यांनी कोरलेली नक्षी. बर्फाने अर्धमेली केलेली झाडं या किड्याला आयती मिळाली. तिथे तो पोसला आणि मग धडधाकट स्प्रूसवर चढला. २०१७ च्या डिसेंबरात वादळाने आणखी झाडं आडवी केली.

या सगळ्याचा परिणाम राष्ट्रीय हिशेबात सरळ दिसतो. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांची सरासरी काढली तर जमीन आणि जंगलाचं खातं उणे राहिलंच नाही. ते किंचित अधिक निघालं. ज्या जंगलाने देशाचा धूर पुसायचा, तेच देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात २०३० साठी प्रत्येक देशाला शोषणाचं लक्ष्य वाटून दिलं, तेव्हा हीच सरासरी पाया म्हणून धरली गेली आणि स्लोव्हेनियाच्या वाट्याला आले १ लाख ४६ हजार टन. आता हा आकडा आराखड्यातल्या २५ लाखांशेजारी ठेवा. २०३० पासून २०५० पर्यंत, वीस वर्षांत, शोषण सतरापट वाढायला हवं.

जंगल सावरतं, हे खरं आहे. पण ते आराखड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सावरत नाही. शिवाय जे हवामान आपण बदलतोय तेच जंगलावर उलटतंय. जुलै २०२२ मध्ये क्रास प्रदेशात देशाच्या इतिहासातली सर्वात मोठी वणव्याची आग लागली. उष्णता आणि दुष्काळ वाढले की स्प्रूस सखल भागात टिकत नाही. म्हणून तिथले वनपाल आता एकाच जातीवर न विसंबता बीच, ओक, मेपल अशी मिश्र वाढ होऊ देतात. हा शहाणपणा आहे, पण तरुण जंगलाला जोमाने कार्बन साठवायला लागायला काही दशकं जावी लागतात.

इथे एक मुद्दा मुद्दाम थांबून सांगतो, कारण यात भलेभले अडखळतात. स्लोव्हेनियातली असंख्य घरं, विशेषतः खेड्यांतली, हिवाळ्यात लाकूड जाळून ऊब मिळवतात. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्या चुलीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या खात्यात शून्य धरतात. तो सुटतो असं नाही. झाड तोडलं तेव्हाच तो जंगलाच्या खात्यात खर्ची पडलेला असतो. त्यामुळे डिझेलची शेगडी काढून लाकडाची बसवली की घरांच्या रकान्यातली घट लगेच दिसते, आणि बोजा गुपचूप जंगलाच्या रकान्यात सरकतो. तेच लाकूड तुळईत किंवा कपाटात गेलं तर कार्बन कित्येक दशकं अडकून राहतो. म्हणून आराखड्यात 'जैवइंधनाचा वापर वाढवू' आणि 'जंगलाचं शोषण वाढवू' ही दोन वाक्यं दिसली, तर ती एकाच बैठकीत, एकाच माणसांनी, एकमेकांसमोर ठेवून लिहिली होती का हे विचारा. माझा अनुभव असा की बहुतेक देशांत ती वेगवेगळ्या खात्यांतून आलेली असतात.

आता कोळसा. माझं बालपण चंद्रपुरात गेलं, त्यामुळे कोळशाच्या गावाबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही आणि तसा आवही आणत नाही. शालेक खोऱ्यात वेलेन्ये हे खाणीचं शहर आणि शेजारीच शोश्तान इथे औष्णिक वीजकेंद्र. खाली लिग्नाइटचा, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशाचा, थर काही ठिकाणी दीडशे मीटरहून जाड आहे. एवढा कोळसा काढल्यावर वरची जमीन खचते. खचलेल्या जागी पाणी साचून तळी झाली, काही वस्त्या त्यांच्याखाली गेल्या. आज वेलेन्येच्या तळ्याकाठी लोक उन्हाळ्यात पोहायला येतात, आणि पाण्यापलीकडे शीतकरण मनोऱ्यांतून वाफ निघताना दिसते.

शोश्तानच्या सहाव्या संचाची क्षमता ६०० मेगावॉट. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटपुढे लहानच. पण स्लोव्हेनियाच्या उत्सर्जनाचा साधारण चौथा हिस्सा एकेकाळी या एका ठिकाणाहून निघायचा. हा संच पुढची चाळीस वर्षं चालेल या हिशेबाने सुमारे १४० कोटी युरो खर्चून उभारला गेला आणि २०१५ च्या सुमारास सुरू झाला. युरोपात वीजकेंद्राला हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडसाठी परवाना विकत घ्यावा लागतो; तेव्हा त्याची किंमत आठ युरोंच्या आसपास होती. २०२२ मध्ये ती ऐंशीच्या घरात होती आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने शंभरी गाठली. लिग्नाइटपासून एक मेगावॉट-तास वीज काढायला जवळपास एक टन वायू निघतो. म्हणजे कोळसा, पगार, दुरुस्ती सगळं बाजूला ठेवलं तरी नुसत्या परवान्यांपोटी दर मेगावॉट-तासाला ऐंशी युरोंच्या आसपास खर्च. असं केंद्र कुणी बंद करायची गरज नसते, त्याचा ताळेबंदच त्याला बंद करतो. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने कोळशाचा वापर उशिरात उशिरा २०३३ पर्यंत थांबवायचं ठरवलं.

तारीख ठरवणं सोपं होतं. कठीण भाग वेगळाच आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही: वेलेन्ये आणि शोश्तानच्या घरांना हिवाळ्यात गरम पाणी याच केंद्रातून नळाने येतं. केंद्र थांबलं तर हजारो घरांचे रेडिएटर थंड पडणार. त्यामुळे तिथे प्रश्न 'वीज कुठून आणायची' एवढाच नाही. वीज आयात करता येते, ऊब आयात करता येत नाही. शहराच्या उष्णतेसाठी वेगळी सोय आधी उभी राहिली पाहिजे, आणि ती चालू झाल्यावर एक अख्खा हिवाळा तपासून मगच जुनं यंत्र बंद व्हायला हवं. आराखड्यात हा क्रम स्पष्ट लिहिलेला नसेल तर तारीख हमखास पुढे सरकते.

न्याय्य संक्रमणासाठी, म्हणजे कोळसा बंद होताना तिथली माणसं उघड्यावर पडू नयेत यासाठी, असलेल्या युरोपीय निधीतून या खोऱ्याला आणि झासाव्ये या जुन्या खाणपट्ट्याला मिळून सुमारे २५ कोटी युरो मिळायचे आहेत. झासाव्येतल्या खाणी आधीच बंद झाल्या, त्र्बोव्ल्येचं औष्णिक केंद्र २०१४ मध्ये थांबलं. तिथली ३६० मीटर उंच चिमणी, युरोपातली सर्वात उंच, अजून उभी आहे. दरीत कुठेही उभं राहा, ती दिसतेच. तिच्या पायथ्याशी मी तासभर बसलो होतो. समोरच्या रस्त्यावरून सकाळी माणसांनी भरलेल्या गाड्या ल्युब्लियानाकडे निघाल्या होत्या. खाण गेली, घरं राहिली, कामधंदा राजधानीत गेला. वेलेन्येच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. उद्या आपल्या चंद्रपूर-कोराडीत ही वेळ येईल तेव्हा कंपनीतल्या कायम कामगारापेक्षा टपरीवाला, ट्रकमालक, कंत्राटी मजूर यांचं काय करायचं हे आधी ठरवावं लागेल. त्यांची नावं कुठल्याच पटावर नसतात.

वाहतुकीचा भाग आकड्यांनी मोठा आहे आणि डावपेचांनी भरलेला आहे. देशाच्या उत्सर्जनातला जवळपास एक-तृतीयांश वाटा रस्त्यावरून येतो, आणि १९९० च्या मानाने तो दुपटीच्या आसपास पोचला आहे. आराखडा म्हणतो २०५० पर्यंत यात ९० ते ९९ टक्के घट. पण हिशेबाचा नियम असा की इंधन जिथे विकलं गेलं तिथे उत्सर्जन धरायचं, गाडी कुठेही धावो. स्लोव्हेनिया इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया यांच्या मधोमध आहे. कोपेर बंदरातून आणि बाल्कनकडून येणारे ट्रक इथून पार होतात, आणि डिझेल शेजाऱ्यापेक्षा स्वस्त असलं की टाकी इथेच भरून घेतात. म्हणजे डिझेलवरचा कर थोडा वाढवला की कागदावर मोठी घट होऊ शकते, आणि तोच धूर ऑस्ट्रियाच्या खात्यात जाईल. आराखड्याची अंमलबजावणी तपासताना मी म्हणून इंधनविक्रीबरोबर ट्रकांची मोजणीही मागवतो.

खरं काम रुळांवर आहे. कोपेर बंदराला देशाशी जोडणारा लोहमार्ग अनेक दशकं एकेरी आणि चढाचा. भोर घाटात गाडीला मागून इंजिन लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ही अडचण सांगावी लागणार नाही. दिवाचा ते कोपेर हा २७ किलोमीटरचा नवा मार्ग त्यासाठीच हाती घेतला. त्यातले २० किलोमीटरहून जास्त बोगद्यांत आहेत, तेही चुनखडीच्या पोकळ डोंगरातून. माल ट्रकवरून वॅगनमध्ये जाण्यासाठी केलेल्या शंभर घोषणांपेक्षा मला हे बोगदे जास्त विश्वासार्ह वाटतात.

उद्योगांबद्दल थोडक्यात. किद्रिचेवोच्या कारखान्यातलं मूळ अ‍ॅल्युमिनियमचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं, कारण विजेचे भाव परवडेनात. देशाचा आकडा खाली आला, पण अ‍ॅल्युमिनियमची गरज तशीच आहे, ते आता दुसरीकडे वितळतंय. अशी घट यश म्हणून मिरवू नये. सिमेंटमध्ये तर चुनखडी तापवली की इंधन कुठलंही असो, दगडातूनच वायू निघतो. शेतीसाठी आराखड्याने फक्त ५ ते २२ टक्के कपात धरली आहे. यावर टीका झाली. मला मात्र हा आकडा प्रामाणिक वाटतो. शेतजमिनीचा मोठा भाग डोंगरउतारावरचं कायमचं कुरण आहे. तिथे गहू पिकत नाही, गाय चरते, आणि गाईच्या पोटातला मिथेन फर्मान काढून थांबत नाही. तो उरणारच, म्हणून तर शेवटच्या वजाबाकीत जंगल लागतं.

वीज. कर्श्कोचं अणुवीज केंद्र ६९६ मेगावॉटचं, निम्मी मालकी क्रोएशियाची, आणि त्याला २०४३ पर्यंत चालवायची मुभा मिळाली आहे. आराखड्याचं लक्ष्य २०५० चं आहे. या सात वर्षांच्या फटीत काय, हा देशातला सर्वात मोठा राजकीय प्रश्न आहे. दुसऱ्या अणुभट्टीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घ्यायचं ठरलं होतं, ते आयत्या वेळी रद्द झालं. निर्णय जितका लांबेल तितका २०४३ नंतरचा रकाना पोकळ राहील. अणुऊर्जा हवी की नको यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी पंधरा वर्षं आधी निवडावं लागतं, एवढं मात्र खरं.

पवनऊर्जा जवळजवळ नाहीच. मोठ्या पवनचक्क्या दोनच. देशाच्या एक-तृतीयांशाहून जास्त भूभागाला युरोपीय निसर्ग-संरक्षण आहे, आणि डोंगरमाथ्यावरच्या प्रत्येक प्रस्तावाला गावाचा विरोध होतो. छतावरच्या सौरऊर्जेने मात्र झेप घेतली, २०२३ मध्ये एकूण क्षमता हजार मेगावॉटच्या पुढे गेली. त्याचा ताण पडला तो गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर. जून महिन्यात दुपारी सगळी छतं एकदम वीज ढकलू लागली की खेड्यातल्या तारांवरचा दाब मर्यादेबाहेर जातो. मग वितरण कंपनी नव्या अर्जदाराला नकार देते, आणि शेजाऱ्याकडे पॅनेल आहेत पण मला परवानगी नाही, ही नाराजी घराघरांत पोचते. ऑक्टोबर २०२४ पासून वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या वापराचे दर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांनुसार लावायला सुरुवात झाली, तेव्हाही ओरड झाली. माझ्या मते ते पाऊल बरोबर होतं, पण लोकांना बिल हातात पडण्याआधी नीट समजावायला हवं होतं. जाळ्यावरचा खर्च हा या आराखड्यातला सर्वात रटाळ आणि सर्वात निकडीचा खर्च आहे.

आणि २०२३ चा ऑगस्ट विसरता येत नाही. एका रात्रीच्या पावसाने साविन्या आणि कोरोश्का भागातल्या नद्या गावांत घुसल्या; स्वतंत्र स्लोव्हेनियाच्या इतिहासातली ती सर्वात मोठी नैसर्गिक आपत्ती मानली गेली. पूल, रस्ते, घरं पुन्हा बांधायला पैसा त्याच तिजोरीतून जातो, जिच्यातून जाळं आणि रेल्वे उभी करायची आहे.

तर हातात दस्तऐवज आला की मी काय करतो? लक्ष्याचं साल असलेलं पान उलटून थेट शेवटचा तक्ता काढतो. उरलेलं उत्सर्जन किती टन, शोषण किती टन, आणि दोन्ही आकडे पट्ट्याच्या कुठल्या टोकाला गेले तर बेरीज बिघडते, ते समासात लिहितो. मग जंगलाच्या आकड्यामागे गृहीत धरलेली वर्षं शोधतो. युरोपीय नियमांप्रमाणे असे आराखडे दर दहा वर्षांनी नव्याने करायचे असतात आणि गरज पडल्यास मध्ये पाच वर्षांनी सुधारायचे असतात, म्हणजे चूक दुरुस्त करायची संधी मिळत राहते. स्लोव्हेनियाची पुढची आवृत्ती उघडाल तेव्हा शोषणाच्या रकान्यात पुन्हा २५ लाख टनच दिसले, तर लिहिणाऱ्याला एवढं विचारा: यात २०१४ सारखा हिवाळा किती वेळा धरला आहे, आणि तो आला त्या वर्षी उरलेले टन कुणाच्या खात्यातून कापायचे?